पाठराखीण

वच्छलाच्या घरातली चूल ओट्यावर चढली, केरसुणीला बांबूचा लांब दांडा लागला, पाण्याचे हंडे-गुंड जमिनीवरून फळीवर गेले. कोंबड्यांचं खुराडंसुद्धा तिच्या नवऱ्यानं, लटारूनं, विटा रचून कमरेइतकं उंच केलं. नव्या माणसाला वाटावं, घरात काय सुधारणा झाली! सुधारणा कसली डोंबलाची. घरची बाई वाकेनाशी झाली होती, म्हणून घर तिच्या हातापर्यंत वर आलं होतं.

हाड एकही मोडलेलं नव्हतं. पाठीवरचे टाके कधीच सुकले होते, दवाखान्यातल्या फोटोत मणका सरळ दिसत होता. डॉक्टर म्हणत, बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. आणि वच्छलाला ते पटायचंही. पण जमिनीवरची वाटी उचलायची म्हटली की कंबर जागच्या जागी अडून बसायची. मग ती भिंतीला धरून, पाठ ताठ ठेवून, गुडघे मोडत मोडत खाली बसे, वाटी उचले आणि तशीच भिंत धरून वर येई. एका वाटीपायी एवढा खटाटोप.

झालं होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. गेल्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत ती आणि तिची लेक रंजीता सकाळी रानात गेल्या होत्या. मोहफूल वेचताना बाई वाकूनच चालते. बसून वेचायला गेलं तर टोपली भरायला दिवस मावळेल. वच्छला तशीच वाकलेली असताना वाघ मागून आला. रंजीता पलीकडच्या झाडाखाली होती. तिनं स्टीलचा डबा दगडावर बडवला, बोंबा मारल्या आणि मागे पळायचं सोडून पोरगी पुढेच धावली. वाघानं वच्छलाला सोडलं नि तो झुडपात गेला. वच्छला वाचली. वाचली, वाचली असं गाव इतक्यांदा म्हणालं की बाकीचं काही विचारायचं राहूनच गेलं.

ती दवाखान्यात असताना जंगल खात्याचा माणूस येऊन समजावून गेला होता. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, तेव्हा जंगलात वाकू नका, वाकावंच लागलं तर सोबतच्या एकानं उभं राहून चहूकडे लक्ष ठेवा. बोलणं खरं होतं, भल्याचं होतं. फक्त दवाखान्यातून गावापर्यंत येताना त्यातला ‘जंगलात’ हा शब्द कुठंतरी गळाला. गावात पोचलं ते एवढंच, की वच्छला वाकली म्हणून तिला धरलं.

झालं. मग काय विचारता! ती अंगणात खराटा घेऊन उतरली की शेजारची कमला कुंपणावरून हाक देई, वाकू नको वो बाई. नळावर गेली की दुसरी कुणी तिच्या हातातून गुंड काढून घेई. ज्या लटारूनं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, त्यानं चुलीसाठी माती कालवली. सगळी मायाच होती ती, खोटं कशाला बोला. पण माणसाला मायेनंही जखडता येतं. वच्छलाला वर्षभरात कुणी एकदाही वाकू दिलं नाही, आणि तिच्या अंगानं मुकाट्यानं धडा घेतला की वाकलं की मरण.

हे सगळं एकवेळ तिनं सोसलं असतं. घरातलं होत होतं, लटारू काही बोलत नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला होता तो रंजीतासाठी.

रंजीता बारावी झाली होती. गेल्या साली चंद्रपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला आणि आई खाटेवर म्हणून तो गेला. यंदा पुन्हा लागला. मोबाइलवर निरोप आला तेव्हा पोरीनं तो वाचला, मोबाइल फळीवर ठेवला आणि भाकरी थापायला लागली. वच्छलानं विचारलं तेव्हा म्हणाली, माय वाकाले लागली की जाईन. लटारूला यात काही वावगं दिसलं नाही. पोरगी घरी असलेली बरी, असं तो हळूच म्हणालाही. पोरीचं सारं आयुष्य आपल्या कमरेशी येऊन अडलं आहे, हे वच्छलाला मात्र त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

दुसऱ्याच दिवशी, घरात कुणी नाही असं पाहून, ती अंगणात उभी राहिली. समोर कोंबड्यांच्या पाण्याचं जर्मनचं भांडं पालथं पडलं होतं. तिनं दात आवळले आणि वाकली. अर्ध्यात गेली आणि श्वास बंद पडला. पाठीवर ऊन आलं होतं, नुसतं ऊन. पण ते कोमट होतं, आणि पाठीवर आलेलं कोमट काही तिला ओळखीचं होतं. तिला खालीही जाता येईना, वरही येता येईना. हात अधांतरी धरून ती तशीच राहिली. रंजीता सरपण टाकून धावत आली नि तिनं मागून कमरेला धरलं, तेव्हा वच्छला अशी किंचाळली की कमला कुंपण ओलांडून आली. संध्याकाळी सगळे तिच्यावर रागावले. तिला स्वतःचा इतका संताप आला होता की ती जेवलीच नाही.

लटारूनं मग तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवणाऱ्या नूतन मॅडम येत. वयानं रंजीताहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी वच्छलाला टेबलावर निजवलं नाही की पाठ चाचपली नाही. हातातला पेन खाली टाकला नि तो उचला म्हणाल्या. वच्छलानं भिंत शोधायला सुरुवात केली तशी त्यांनीच पेन उचलला आणि विचारलं, वाकताना तुमचा श्वास कुठं असतो? वच्छलाला हसूच आलं. श्वास काय कुठं ठेवायची वस्तू आहे? पण घरी येताना बसमध्ये तिनं समोरच्या सीटकडे जरासं झुकून पाहिलं, आणि तिला कळलं की मॅडमचं विचारणं काही चुकीचं नव्हतं. श्वास गळ्याशीच येऊन थांबला होता.

मॅडमचं सांगणं साधं होतं. वाकायला जायचंच नाही. श्वास चालू राहील तेवढंच पुढं व्हायचं. अडकला, की तिथून जरा मागं यायचं आणि तिथंच रेंगाळायचं. जोर केलात तर अंग तुमचं ऐकायचं सोडून देईल, असं त्या म्हणाल्या. आणि सुरुवातीला पाठीशी भिंत असू द्या, नाहीतर घरचं माणूस असू द्या.

आता अंगणात उभं राहून व्यायाम करणं वच्छलाला काही शोभेना. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं हात वर हात खाली केलं तर गाव जत्रा पाहायला जमेल. तिनं ते कामात बसवलं. भिंतीला पाठ लावून ठेंगण्या स्टुलावर बसायचं, सूप मांडीवर घ्यायचं आणि तांदूळ निवडायचे. मग सूप मांडीवरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून पायांपाशी. ज्या दिवशी सूप जमिनीवर टेकलं आणि तिचा हात त्यातल्या खड्यापर्यंत पोचला, त्या दिवशी श्वास चालू होता का हे पाहायचं ती विसरली होती. म्हणजे तो चालूच होता.

मग भिंत सुटली आणि भिंतीच्या जागी रंजीता आली. वच्छला कणीक मळायला खाली बसली की पोरगी मागे उभी. केरसुणीचा दांडा थोडा कापला, पुन्हा थोडा कापला, तरी पोरगी मागे उभीच. मी पाह्यतो, तू कर, एवढंच म्हणायची आणि खरोखर पाहायची, डोळ्यांत तेल घालून. कमलानं कुंपणावरून थट्टा केली. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत जाते ती पाठराखीण. इथं म्हणे लेकच मायची पाठराखीण झाली, सारं उलटंच. वच्छला हसली. रंजीता हसली नाही, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा भांडी घासताना मागून शेळीनं पाठीला तोंड लावलं आणि वच्छला पुन्हा लाकूड झाली. सूप पुन्हा मांडीवर आलं. ती रडली, मॅडमना शिव्या दिल्या, शेळी विकून टाक म्हणून लटारूच्या मागं लागली. पण दुसऱ्या खेपेला सूप लवकर खाली उतरलं. अंगाला वाट माहीत झाली होती. मृगाचं पाणी पडून भाताचे पऱ्हे हिरवे होईपर्यंत ती आखूड केरसुणीनं अंगण झाडायला लागली होती, आणि झाडताना मनात भाजीचा विचार करत होती. गावातल्या बाया उगीच दारावरून जात नि पाहून जात. लटारूनं चुलीचा ओटा पाडू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, राहू दे, उभ्यानं स्वयंपाक करणं बरं असतं.

मग तिनं रंजीताला सांगितलं, आता जा. पोरगी म्हणाली, अंगणात काय कोणीबी वाकते. रोवणा झाला की पाहू. त्या भातलावणीआधीच चंद्रपूरला हजर व्हायची तारीख सरणार होती, हे दोघींना ठाऊक होतं. म्हणून वच्छलानं कमलाच्या रोवणाऱ्या टोळीला गाठलं आणि आमची बांधी आधी घ्या म्हणाली. तिची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, रानाला लागून. एका बाजूला मातीचा उंच धुरा, धुऱ्याच्या पलीकडे झुडपं आणि मग झाडी सुरू. टोळी तिथं नाखुशीनंच यायची, पण यंदा वच्छला स्वतः रोवणार म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. रोवण्याच्या दिवशी तारखेला मध्ये एकच दिवस उरला होता.

वच्छलानं पदर खोचला आणि चिखलात पाय घातला. रोवणा हे मागं मागं जायचं काम. बाया रांगेनं वाकतात, हातातल्या पेंढीतून पऱ्हा काढून चिखलात खोचतात आणि एकेक पाऊल मागं सरकतात. पुढं हिरवं होत जातं आणि पाठ मात्र कुठं चालली आहे ते पाठीलाच ठाऊक. वच्छलाची पाठ झाडीकडे चालली होती. धुऱ्यावर रंजीता काठी घेऊन झाडीकडे तोंड करून उभी होती. आज ती रोवत नव्हती. तिला कुणी रोवायला बोलावलंही नाही; पाठीशी कुणीतरी हवंच होतं.

पहिला पऱ्हा खोचताना वच्छलाचा श्वास अडला. ती गुडघ्यांवर हात टेकून थांबली. बाजूची कमला काही बोलणार होती, पण तिनं ओठ मिटले. वच्छला जरा वर आली, तिथंच रेंगाळली, पुन्हा खाली गेली. हातांना चिखल लागला. चिखल गार होता, पावसाचं पाणी मानेवरून वाहत होतं, आणि पाठीवर काहीही कोमट नव्हतं. दुसरा पऱ्हा, मग तिसरा. नंतर तिनं मोजणं सोडलं. अंगठा आणि दोन बोटं आपसूक खाली जात होती नि रिकामी वर येत होती. लहानपणी मायच्या मागं मागं शिकून अंगवळणी पडलेलं हे काम आतच होतं, कुठं गेलं नव्हतं. बायांनी गाणं धरलं होतं, तिनंही आवाज लावला.

आणि गाता गाताच ती मागं सरत धुऱ्याला येऊन टेकली.

वाकल्या वाकल्या तिनं काखेखालून मागं पाहिलं. डोळ्यांसमोर रंजीताच्या टाचा होत्या. पोरगी निवांत उभी नव्हती. टाचा उचललेल्या, बोटं मातीत रुतवलेली, पोटऱ्या थरथरत होत्या. वच्छलानं कान दिला. वर श्वासाचा आवाज नव्हता. एक श्वास आला, घाईघाईनं, आणि पुन्हा सगळं बंद. हे असं उभं राहणं जगात दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं. वच्छलानं ओळखलं, कारण ते वर्षभर तिच्याच अंगात होतं.

ती सरळ झाली. हात लावायचा नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं बाजूनं पुढं येऊन पोरीच्या डोळ्यांसमोर उभं राहून हाक मारली. रंजीताची नजर तिच्या खांद्यावरून झाडीतच होती.

“रंजी, श्वास घे.”

“घेऊन राह्यली.”

“नाई घेऊन राह्यली तू.”

वच्छलाच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली आणि प्रत्येकीबरोबर तिला लाज वाटत गेली. यंदा मोहफूल वेचायला पोरगी गेली नव्हती. सरपण आणायची ते वाटेवरच्या ढिगातून, उभ्यानं ओढून. वाकून पऱ्हे खणायला तिच्याऐवजी कमला आली होती. झोपायची ती भिंतीला पाठ लावून. साऱ्या गावाचे डोळे एका पाठीकडे लागले होते, तेव्हा दुसरी पाठ ताठ होत चालली होती, आणि सख्ख्या आईला ते दिसलं नाही. त्या दिवशी धावून आलेली पोरगी घरी पोचलीच नव्हती. ती अजून तिथंच, त्या मोहाखाली उभी होती.

“तू मह्यासाठी नाई थांबली,” वच्छला म्हणाली. “तुले जाताच येत नाई.”

रंजीताचा हात काठीवर घट्ट झाला. ती बोलली तीही झाडीकडे पाहतच. “मी गेली तं इथी कोन पाहील? मी खाली पाह्यली नं का तो येते, माय. त्या दिवशी मी खालीच पाहून राह्यली होती.”

“मोहफूल कोनी वर पाहून वेचते का?”

गाणं थांबलं होतं, बाया चिखलात उभ्या राहून इकडे पाहत होत्या. पलीकडच्या बांधीत पेंढ्या टाकत असलेला लटारू काय झालं म्हणून निघाला, त्याला कमलानं हातानंच थांबवलं.

“मले पाहाले तू हायेस,” वच्छला म्हणाली. “तुले कोन पाह्यते?”

रंजीताचा खालचा ओठ हलायला लागला, तो तिनं दातांत धरला. वच्छलानं काठीला हात घातला. पोरीनं सोडली नाही. वच्छलानं ओढलीही नाही, नुसता हात ठेवला आणि उभी राहिली. पाऊस दोघींच्या मनगटांवरून वाहत होता. मग हळूहळू काठी तिच्याकडे आली.

“परवा आपन दोघी जाऊ चंद्रपूरले. पाठराखीण मी येतो. तुले जमेपर्यंत राहीन तिथी. पन पयले आज इथी उतर.”

लटारूनं तिथूनच रोवण्याचं काय म्हणून विचारलं. कमला त्याच्यावर अशी खेकसली की तो मुकाट पेंढ्या टाकायला वळला.

रंजीता धुऱ्यावरून चिखलात उतरली आणि शेजारच्या, अजून रोवायच्या पट्ट्यात चार पावलं आत गेली. तिची पाठ झाडीकडे झाली. कमलानं तिच्या हातात पेंढी दिली. पोरगी मान ताठ ठेवून उभी राहिली, मग जराशी पुढं झुकली, आणि तिथंच अडली. खांदे कानांपर्यंत वर गेले.

“जोर नको करू,” वच्छला धुऱ्यावरून म्हणाली. “जराशी मागं ये. हां. तिथंच राहा. घाई नाई.”

हे सांगताना तिचं तोंड झाडीकडे होतं. वर्षभरात तिनं त्या झाडीकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. झाडी नेहमी पाठीमागेच असायची. आता समोर होती. पानांमधून पाणी गळत होतं, मधूनच एखादं झुडूप हलत होतं, ते पावसानं की आणखी कशानं हे सांगता येत नव्हतं. तिला खाली पाहावंसं वाटलं, बसावंसं वाटलं. तिनं काठी रोवली आणि ती पाहत राहिली.

मागून पोरीचा आवाज आला, बारीक, अडखळत. “माय, हायेस ना?”

“हाव. हाये.”

आवाज सरळ आला. पोरीला त्यातली भीती कळली नसावी. चिखलात काहीतरी खोचल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही, मग रंजीताचा मोठा, ओला श्वास ऐकू आला, आणि त्यामागून चिखलात मागं सरकलेलं एक पाऊल.